गैरसोयीची सोय

दुसऱ्याच्या पैशानं जग फिरायचं आणि वर त्याचाच पगार घ्यायचा, असा उद्योग करणाऱ्या माणसाविषयी मध्यमवर्गीयाच्या मनात माया असण्याचं काहीच कारण नाही. आपण रजेचा अर्ज महिनोन्‌महिने आधी टाकतो. साहेब ‘बघू’ म्हणतात. तात्काळ तिकीट काढताना ओटीपी येईपर्यंत गाडी वेटिंगवर गेलेली असते. शेवटी कसंबसं महाबळेश्वर गाठावं, तर धुक्यात पॉइंट दिसत नाही, पॉइंटची पाटी तेवढी दिसते. आणि इकडे टीव्हीवर एक गृहस्थ कधी व्हेनिसमध्ये, कधी उत्तर ध्रुवावर, कधी सहारात. न्यायानं त्याचा राग यायला हवा. प्रवासाचे कार्यक्रम करणाऱ्या बऱ्याच जणांचा मला तो येतोही. विशेषतः परक्या बाजारात एखादा पदार्थ तोंडात टाकून जे डोळे मिटतात आणि ‘अंऽऽ’ करतात, त्यांचा. पदार्थ चविष्ट आहे की नुसताच कढत, हे त्या आवाजावरून आजवर कुणालाही कळलेलं नाही.

मायकेल पेलिनचा मात्र राग येत नाही. हा इंग्रज माणूस 1988 पासून टीव्हीसाठी जग फिरतोय. दोन्ही ध्रुव झाले, सहारा झालं, हिमालय झाला. उत्तर कोरिया आणि इराक तर त्यानं सत्तरी ओलांडल्यावर केले. ज्या वयात आपल्याकडे माणूस फिरायला म्हणून निघतो आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसून परत येतो. तरीही त्याचा राग येत नाही, कारण प्रवासात त्याचं काहीही सरळ होत नाही. त्याची गाडी अडकते, जहाज चुकतं, पोट बिघडतं. आणि हे सगळं तो इतक्या अदबीनं बिघडू देतो, की आपण घरच्या सोफ्यावर समाधानानं मांडी बदलतो. चला, गोऱ्या माणसाचंही होतं!

मुळात ही नोकरी त्याच्यासाठी नव्हतीच. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलियस फॉग 80 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो. तशी ती विमानात पाऊल न ठेवता आजही करता येते का, हे बीबीसीला पाहायचं होतं. आधी विचारणा झाली अ‍ॅलन व्हिकरकडे. व्हिकर म्हणजे त्या काळचा टीव्ही-प्रवासाचा सम्राट. जाड काळा चष्मा, मिशी, अंगात ब्लेझर. वाळवंटात उभा राहिला तरी इस्त्री मोडायची नाही. तो नाही म्हणाला. मग टीव्ही-निवेदक नोएल एडमंड्स, विनोदी लेखक माइल्स किंग्टन. त्यांनीही नकार दिला. तीन ठिकाणांहून ‘पत्रिका जुळत नाही’ असं आल्यावर चौथ्या स्थळाकडे निरोप जावा, तसा बीबीसीचा निरोप पेलिनकडे गेला, आणि तो हो म्हणाला. नकार देणाऱ्यांनी नकाशा नीट पाहिला होता, असा माझा तर्क आहे.

पुढं काय झालं? लंडनहून थाटात ओरिएंट एक्स्प्रेसनं निघाला, तर इटलीत रेल्वेचा संप. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला सगळ्यांना उतरवून बसमध्ये घातलं. व्हेनिसला पोचल्यावर माणसं गोंडोल्यात बसतात. हा कचरा गोळा करणाऱ्या बोटीवर कामाला लागला. जेद्दाहून पुढचं जहाज जमेना, तेव्हा मोटारीनं आख्खा सौदी अरबस्तान आडवा कापला. आणि दुबईहून मुंबईला यायला काय मिळालं, तर ढो नावाचं लाकडी गलबत. गुजराती खलाशी, उघड्या डेकवरची झोप, आणि जहाजाच्या मागच्या टोकाला समुद्रावर टांगलेलं एक खोकं. त्या खोक्याला संडास म्हणायचं. नेमकं याच टप्प्यावर पेलिनचं पोट बिघडलं. विनोदी लेखकाला नियती कधीकधी तयार मजकूर देते तो असा.

आता एक शंका माझ्या आईनं टीव्ही पाहता पाहता काढलेली. पडद्यावर माणूस एकटाच उंटावरून क्षितिजाकडे निघाला होता. संगीत करुण. आई म्हणाली, “हा एकटा चाललाय, तर मग त्याच्या पुढं जाऊन उभा कोण राहिलाय?” प्रवास-कार्यक्रमांची सगळी समीक्षा या एका प्रश्नात आली. निवेदक निर्मनुष्य बेटावर पहिलं पाऊल टाकतो, तेव्हा कॅमेरावाला तिथं आधीच ऊन खात बसलेला असतो. निवेदक दार ठोठावतो आणि आतल्या आजीबाई चकित होतात. पण दारामागून त्यांचा चकित चेहरा टिपणारा माणूस त्यांनी स्वयंपाकघरात कधी घेतला, हे आपण विचारायचं नसतं. पेलिननं ही लबाडी निदान हसत कबूल केली. फॉगच्या नोकराचं नाव पासपार्तू. पेलिननं आपल्या अख्ख्या चित्रीकरण पथकाला तेच नाव देऊन टाकलं. ‘पासपार्तू आजारी आहे’ म्हणजे कॅमेरा किंवा ध्वनी यांपैकी कुणीतरी आडवं झालं, असं समजायचं.

अशी गैरसोय सोसायची तयारी एका दिवसात होत नाही. पेलिनचा जन्म 1943 चा, शेफील्डचा. शेफील्ड हे पोलादाचं गाव. लहानपणी त्याला रेल्वेच्या इंजिनांचे नंबर वहीत टिपायचं वेड होतं. इंग्लंडात या छंदाची रीतसर परंपरा आहे: फलाटाच्या टोकाला पावसात उभं राहायचं, इंजिन आलं की नंबर लिहायचा, आणि पुढच्या इंजिनापर्यंत कुणाशीही बोलायचं नाही. आपल्याकडे पाच मिनिटं असं कुणी उभं राहिलं तर चार जण येऊन विचारतील, ‘लोकल बंद आहेत का?’ 1980 साली बीबीसीनं रेल्वेप्रवासांची मालिका केली, तेव्हा पेलिननं लंडनहून स्कॉटलंडच्या काइल ऑफ लोखाल्शपर्यंतचा भाग केला. त्याचं नावच ‘एका ट्रेनस्पॉटरचे कबुलीजबाब’ अशा अर्थाचं होतं. म्हणजे जगप्रवासाची पहिली यत्ता त्यानं घरच्याच रुळांवर पास केली.

वडील इंजिनिअर. बोलताना अडखळायचे. शब्द ओठांशी यायचा आणि तिथंच रुतून बसायचा. मुलानं नटबिट व्हावं, हे त्यांना पसंत नव्हतं. आता हे जगभरच्या वडिलांचं मत आहे. त्यात शेफील्ड आणि सांगली असा फरक करता येत नाही. पण ज्या घरात एकेक शब्द मोलानं बाहेर येतो, त्या घरातला मुलगा ऐकायला शिकतो. समोरच्याचं वाक्य तोंडातून ओढून काढायचं नाही, त्याला वेळ द्यायचा, ही सवय पेलिनच्या मुलाखतींमध्ये दिसते. 1988 च्याच ‘अ फिश कॉल्ड वाँडा’ या चित्रपटात त्यानं अडखळत बोलणाऱ्या केनची भूमिका केली, ती वडिलांच्या आठवणीवर बेतलेली. पुढं अडखळणाऱ्या मुलांसाठीच्या लंडनमधल्या केंद्राला 1993 मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. बोलताना अडखळणारी बहुतेक माणसं गाताना मात्र अडखळत नाहीत. चाल शब्दाचा हात धरून त्याला पलीकडे नेते.

चालीचं आणि पेलिनचं नातं आधी पोटापाण्याचं होतं. ऑक्सफर्डला इतिहास शिकून बाहेर पडल्यावर त्याला पहिलं बरं काम मिळालं ते 1965 मध्ये, एका प्रादेशिक वाहिनीवर, ‘नाऊ!’ नावाच्या पॉप संगीताच्या कार्यक्रमात निवेदकाचं. इतिहासाचा पदवीधर आणि पॉप गाण्यांची ओळख! आपल्याकडे एम.ए. मराठी करून रिअ‍ॅलिटी शोमध्ये ‘एक छोटासा ब्रेक’ म्हणणाऱ्यांनी खचून जाऊ नये, एवढाच याचा बोध. मग दुसऱ्यांच्या कार्यक्रमांसाठी विनोद लिहिणं, मुलांच्या मालिकेत काम करणं, आणि ऑक्टोबर 1969 मध्ये ‘माँटी पायथन’ ही विनोदी मालिका. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यानं सिगारेट सोडली आणि हात रिकामा राहू नये म्हणून रोजनिशी धरली. ती अजून सुटलेली नाही. सिगारेट सोडून माणसं बडीशेपेला लागतात, वजनाला लागतात; हा एकटाच ग्रंथसंपदेला लागला.

पायथन मंडळींनी 1974 मध्ये राजा आर्थरवर सिनेमा काढला, तेव्हा पैसे लावणाऱ्यांत पिंक फ्लॉइड आणि लेड झेपलिन होते. एवढे मोठे बँड पाठीशी असूनही घोड्यांपुरते पैसे नव्हते. मग काय करायचं? राजानं हवेतल्या हवेत लगाम धरून पायीच उड्या मारायच्या आणि मागून सेवकानं नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटायच्या. टप-टप, टप-टप. सिनेमा अजरामर झाला तो त्या टापांमुळे. खरे घोडे असते तर लोक घोडे विसरले असते. कोकणात करवंट्यांचे एवढे ढीग पडलेले असताना हे आपल्याला सुचू नये, याचं वाईट वाटतं. शिवकालीन मालिकांच्या निर्मात्यांचं केवढं भाडं वाचलं असतं! नसलेल्याचं भांडवल करायचं, ही पेलिनची खरी तालीम इथं झाली. घोडा नसेल तर करवंटी, आणि ओरिएंट एक्स्प्रेस बंद पडली तर बस.

आता आवडत्या संगीताचं. ‘तुमचं आवडतं संगीत कोणतं?’ हा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. जाहीर मुलाखतीत मराठी माणूस कुमारांचं निर्गुणी भजन, भीमसेनांचा पूरिया, फार तर मास्टर दीनानाथ, याखाली उतरत नाही. तोच माणूस गाडीत एकटा असला की काय लावतो, हे त्याच्या ब्लूटूथला विचारावं. बीबीसीनं तर या प्रश्नाची संस्थाच केली आहे. ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ हा रेडिओ-कार्यक्रम 1942 पासून चालू आहे. एकट्यानं बेटावर अडकलात तर कोणती आठ ध्वनिमुद्रणं बरोबर न्याल, ते सांगायचं. एलिझाबेथ श्वार्झकॉफ या गायिकेनं आठपैकी सात स्वतःचीच निवडली. याला म्हणतात स्वच्छ मनाचा माणूस! आपल्याकडे हे धैर्य नाही. आपण दुसऱ्याचं नाव घेऊन मग ‘त्यांनी एकदा माझ्या पाठीवर हात ठेवला होता’ असं वळसा घालून घरी येतो.

त्याच कार्यक्रमाचा जनक रॉय प्लॉमली. त्यानं एकदा रहस्यकथाकार अ‍ॅलिस्टर मॅक्लीनला बोलावलं. गृहस्थ आले, जेवणं झाली, मुलाखतीला बसले, आणि मग उलगडा झाला, की हे अ‍ॅलिस्टर मॅक्लीन कादंबऱ्या लिहीतच नाहीत, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या पर्यटनाचं काम पाहतात. ध्वनिमुद्रण शिष्टाचार म्हणून शेवटपर्यंत चालू ठेवलं, प्रसारित मात्र झालं नाही. पर्यटन खात्याच्या माणसाला कुणीतरी आपणहून आवडतं संगीत विचारलं, असा हा इतिहासातला एकमेव प्रसंग असावा. तोही वाया गेला.

पेलिनच्या संगीताचा खरा निकाल लागला तो ढोवर. त्याच्याकडे वॉकमन होता. वॉकमन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं. ते डोळे पुसत सांगतील. त्यात कॅसेट होती न्यू जर्सीच्या ब्रूस स्प्रिंगस्टीनची. अमेरिकेतल्या कारखान्यांच्या, हमरस्त्यांच्या गाण्यांची. पेलिननं हेडफोन काढला आणि एका म्हाताऱ्या गुजराती खलाशाच्या कानांना लावला. समोर अरबी समुद्र, खाली लाकूड, आणि कानात न्यू जर्सी. म्हातारा खूश! दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे ‘यातला दुसरा अंतरा ऐक’ असं म्हणायची सोय नव्हती. एरवी गाणं ऐकवणारा माणूस गाणं कधीच ऐकू देत नाही. ‘आता बघ, आता बघ’ म्हणत जागा येण्याआधीच दाद वसूल करतो. भाषा नसण्याचा हा फायदा कुणी फारसा नोंदवलेला नाही.

आणि ज्या गाण्यावर पेलिनचं नाव कायमचं कोरलं गेलंय, त्याची गोष्ट तर मुंबईत येऊन पुरी होते. 1969 च्या डिसेंबरात पायथनमध्ये एक प्रहसन झालं. पेलिन न्हावी असतो. पण असा न्हावी, की गिऱ्हाइकाचे केस कापायच्या कल्पनेनंच त्याला दरदरून घाम फुटतो. शेवटी तो कबूल करतो की मला न्हावी व्हायचंच नव्हतं, मला लाकूडतोड्या व्हायचं होतं. आणि छाती काढून गाऊ लागतो. मागं कॅनडाच्या घोडदळ पोलिसांचा कोरस. लाकूडतोड्या हळूहळू आपल्या बायकी कपड्यांच्या हौसेवर येतो, तसतसा कोरस गोंधळत जातो. हे ‘लंबरजॅक साँग’ बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला इतकं प्रिय, की 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रयोगात तो स्वतः पोलिसाचा वेष करून कोरसमध्ये गुपचूप उभा राहिला. पुढं पायथनच्या एका सिनेमातून पैसेवाल्यांनी अंग काढून घेतलं, तेव्हा हॅरिसननं घर गहाण टाकलं. कारण विचारल्यावर म्हणाला, मला तो सिनेमा बघायचा होता. तो गेल्यानंतर वर्षानं, 2002 मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली. अनुष्का शंकरनं रविशंकरांची रचना वाजवली, आणि त्याच मंचावर पेलिन लाकूडतोड्या होऊन गायला. आपल्या शोकसभेत असं काही घडलं, तर अध्यक्ष ‘दोन मिनिटं स्तब्धता’ तिसऱ्यांदा जाहीर करतील.

तर असा हा घाबरट न्हावी 1988 मध्ये ढोवरून मुंबईला उतरला, आणि दाढी करायला बसला रस्त्यावरच्या एका अंध न्हाव्यापुढं. वस्तरा उघडा. कॅमेरा चालू. मालिकेच्या त्या भागाचं नाव ‘अ क्लोज शेव्ह’. न्हाव्याचा हात मुळीच थरथरला नाही; थरथर होती ती गिऱ्हाइकाकडे. एकोणीस वर्षांपूर्वी टीव्हीवर न्हाव्याची थट्टा केली होती, तिची परतफेड गिरगाव-भायखळ्याच्या या शहरात व्याजासकट झाली. मुंबई कुणाचं काही शिल्लक ठेवत नाही.

मराठी वाचकाला या जातीचा प्रवासी नवा वाटायचं कारण नाही. पुलं आकाशवाणीत असताना बीबीसीत शिकायला गेले, आणि त्यातून ‘अपूर्वाई’ आलं. प्रसारणातला माणूस, प्रवासी आणि वर पेटीवर बसणारा. पेलिनच्या आधी आपल्याकडे हा संच पूर्ण होता. ‘अपूर्वाई’त आपल्याला काय आठवतं? वास्तूंची उंची नाही आठवत. आठवते ती परक्या देशात एका मराठी माणसाची उडालेली धांदल.

मग आपणच प्रवासाला निघालो की धांदलीला एवढे का भितो? आमची मावशी युरोपला गेली, ती थेपले, चिवडा, मेतकूट आणि गोडा मसाला घेऊन. आयफेल टॉवरखाली तिनं काय खाल्लं, तर पोहे. बसमध्ये आल्प्स दिसू लागले तेव्हा अंताक्षरी ‘ठ’वर अडली होती, त्यामुळे निम्म्या बसनं आल्प्स पाहिलेच नाहीत; ती ‘ठंडी हवा’ आधी झालं की नाही, यावर भांडत होती. परत आल्यावर मावशीला विचारलं, “कसं झालं?” म्हणाली, “छान. सगळं वेळेवर.” संपलं प्रवासवर्णन! एवढ्या लाखांत तीन शब्द. पण पुढं तासभर ती रंगून सांगत राहिली ती झुरिकच्या विमानतळावर हरवलेल्या बॅगेची गोष्ट. त्या बॅगेत मेतकूट होतं, आणि स्विस अधिकाऱ्याला ते काय आहे हे समजावताना तिनं जो अभिनय केला, तो तिनं आम्हाला पुन्हा करून दाखवला.

पेलिनला हे फार आधी उमगलं. 1991 मध्ये तो उत्तर ध्रुवावरून दक्षिण ध्रुवाकडे निघाला. वाटेत झांबेझीच्या धारेत बरगडीला तडा गेला. केपटाउनहून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाजावर जागाच मिळाली नाही, म्हणून दक्षिण अमेरिका गाठून तिथून जावं लागलं. कुठल्याही प्रवासी कंपनीनं या सहलीचे पैसे परत दिले असते. बीबीसीनं पुस्तक काढलं. आणि त्या पहिल्या 80 दिवसांच्या सफरीचा शेवट ऐका. फॉग ज्या रिफॉर्म क्लबातून निघतो आणि जिथं परततो, तिथूनच पेलिनही निघाला होता. जग पालथं घालून, मुदत राखून, तो लंडनला दारात आला, आणि क्लबानं आत चित्रीकरणाला नाही म्हटलं. अख्ख्या पृथ्वीनं ज्याला वाट दिली, त्याला स्वतःच्या गावच्या दरवानानं अडवलं. सोसायटीच्या गेटवर रोज ‘कुणाकडे?’ या प्रश्नाला तोंड देणाऱ्या आपल्यासारख्यांना हा माणूस तेव्हापासून घरचाच वाटतो. पुढं 2009 मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्याला अध्यक्ष केलं. याच संस्थेच्या पाठिंब्यानं आफ्रिकेत गेलेल्या लिव्हिंग्स्टनला शोधायला दुसरा माणूस पाठवावा लागला होता. तेव्हा वाट चुकणाऱ्यांची कदर त्या संस्थेत पहिल्यापासून असणार.

हे सगळं मनात घोळत असतानाच एका टूर कंपनीचा तरुण सोसायटीत माहितीपत्रकं वाटायला आला. ‘सर्व सोयींनी युक्त’, ‘घरच्यासारखं जेवण’, ‘मराठी टूर मॅनेजर’ वगैरे. मी त्याला पेलिनची सगळी कथा ऐकवली आणि म्हणालो, “तुम्ही ना, पॅकेजमध्ये थोडी गैरसोयही द्या. एखादं चुकलेलं जहाज, एखादा संप, एक रात्र फलाटावर. लोकांना जन्मभर पुरेल.”

तो आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाला, “ते असतंच, काका. छापत नाही, एवढंच.”